खेळाडूच्या नजरेवर विश्वास ठेवणारे कन्सोल गेम: तीन अनुभव आणि एक प्रश्न

आडवाट यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मध्यंतरी बरीच वर्षे माझे कन्सोलवर खेळणे जवळजवळ बंद होते. अलीकडे ते पुन्हा सुरू झाले आणि ‘एल्डन रिंग’, ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ व ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ हे तीन मोठे गेम मी एकापाठोपाठ एक हाती घेतले. पहिले दोन पूर्ण झाले, तिसरा अर्ध्यावर सोडला आहे. तिन्ही गेमचा एवढा गाजावाजा झालेला आहे की त्यांचे परीक्षण लिहिण्यात आता काही हशील नाही. परंतु ते लागोपाठ खेळल्यामुळे एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली आणि माझा प्रश्न तिच्यावरच अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘एल्डन रिंग’ची सुरुवात अनेकांना माहीत असेल. अंधाऱ्या तळघरातून वर येऊन दार ढकलले की लिमग्रेव्हचा मोकळा प्रदेश समोर पसरतो आणि सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार रस्त्यावर गस्त घालताना दिसतो. त्याच्याशी लढायचे की झाडाझुडपांतून त्याला टाळून पुढे जायचे, याविषयी गेम एक अक्षर बोलत नाही. नवखा खेळाडू साहजिकच अंगावर धावून जातो आणि एकदोन फटक्यांत गारद होतो. विसाव्याच्या जागांना इथे ग्रेस म्हणतात. त्यांच्यापाशी सोनेरी प्रकाशाची एक शलाका मुख्य कथेच्या दिशेला झुकलेली असते, एवढीच काय ती सूचना. गंमत म्हणजे ती सूचनाही आंधळेपणाने पाळण्यासारखी नाही. शलाकेच्या रोखाने नाकासमोर चालत गेले की स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट उभा असतो. तो काठी उगारतो आणि उगारलेलीच धरून ठेवतो. आपला अंगठा घाईघाईने लोळण घेण्याचे बटण दाबून बसतो आणि काठी त्यानंतर खाली येते. त्याच्याकडून यथेच्छ मार खाल्ल्यावर केव्हातरी लक्षात येते की दक्षिणेला अख्खा द्वीपकल्प पडलेला आहे, तिकडे जायला कोणी अडवलेले नाही, आणि तिथून अधिक ताकद कमावून परत येता येते. हा शोध गेमने माझ्या हातात आयता ठेवला नाही, म्हणूनच तो माझा वाटला.

सर्वांत जास्त लक्षात राहिली ती मात्र लढाई नव्हे. पूर्वेकडच्या धुकट रानात एक जुनाट बांधकाम आहे आणि आत खाली जाणारी लिफ्ट आहे. नेहमीसारखे एखादे तळघर असेल असे समजून मी तिच्यावर उभा राहिलो. लिफ्ट उतरत राहिली, उतरतच राहिली, आणि अखेर जमिनीच्या पोटात चांदण्यांनी भरलेले आकाश, त्याखाली भग्न खांब आणि सिओफ्रा नदीचा काठ दिसला. कोणत्याही यादीत ‘येथे जा’ असे लिहिलेले नव्हते. ते रान चुकवून पुढे गेलो असतो, तरी गेमने मला हटकले नसते. (उत्तरार्धातला बर्फाळ प्रदेश मात्र मला कंटाळवाणा वाटला. तेच शत्रू थोडे फुगवून पुन्हा उभे केले आहेत आणि त्यांचे फटके इतके जबर आहेत की कौशल्यापेक्षा चिकाटीचीच परीक्षा होते.)

‘टिअर्स ऑफ द किंगडम’ २०२३ चा. त्याचा स्वभाव याच्या अगदी उलट, मिस्कील आणि उदार. अल्ट्राहँड नावाच्या शक्तीने फळ्या, चाके, पंखे उचलून एकमेकांना चिकटवायचे आणि काहीही बनवायचे. दरी ओलांडण्यासाठी रचनाकाराने पुलाचे सामान ठेवलेले असते, पण आपण एकच लांबलचक वाकडातिकडा दांडा जोडून तो आडवा टाकला तरी चालते, आणि ‘असे नव्हे’ म्हणून कोणी कान धरत नाही. टेहळणीचे बुरूज नायक लिंकला आकाशात भिरकावतात, तिथून खाली पाहताना जे काही डोळ्यांत भरेल त्यावर दुर्बिणीतून आपणच खूण करायची आणि तिकडे तरंगत जायचे. नकाशावर आपोआप उमटलेल्या चिन्हांपेक्षा मी स्वतः केलेल्या खुणा अधिक होत्या. पाताळातला अंधार सुरुवातीला निव्वळ त्रासदायक वाटला. प्रकाश देणारी बीजे फेकत फेकत पुढे सरकायचे आणि एखादे प्रकाशमूळ सापडले की तेवढाच परिसर उजळायचा. पण वरचा आणि खालचा नकाशा आलटून पालटून पाहताना ध्यानात आले की भूपृष्ठावरच्या प्रत्येक मंदिराच्या बरोबर खाली एक प्रकाशमूळ आहे. जमिनीवर मंदिर सापडले की पाताळातला दिवा कळतो आणि पाताळात दिवा सापडला की जमिनीवरच्या न सापडलेल्या मंदिराचा ठावठिकाणा लागतो. हे ज्या क्षणी उमगते, त्या क्षणी एवढा प्रचंड गेम एकदम आटोक्यात आल्यासारखा वाटतो.

आता ‘रॅग्नारॉक’. त्याची निर्मिती या तिघांत सर्वांत देखणी आहे, हे मी आधीच मान्य करतो. ओडिन आणि थॉर हे देव नायक क्रेटॉसच्या घरी येऊन बसतात तो प्रसंग, त्यातला अवघडलेपणा आणि नुसत्या बसण्यातून जाणवणारी धमकी, हे सगळे अप्रतिम आहे. पण हातात कंट्रोलर असताना मला सतत कोणीतरी हाताला धरून नेत असल्यासारखे वाटले. समोर वाहते पाणी दिसते, चाक दिसते, कुऱ्हाड फेकून काहीतरी गोठवायचे असणार हे मनात येते न येते तोच बरोबर असलेला क्रेटॉसचा मुलगा एट्रियस किंवा क्रेटॉसच्या कमरेला टांगलेले, बोलणारे मिमिरचे डोके उत्तर सांगून मोकळे होते. मी विचार करत थांबलो, म्हणजे अडलो, असे गेम गृहीत धरतो. आयर्नवुडमध्ये याकवर बसून फळे गोळा करण्याचा जो लांबलचक भाग आहे, तिथे मी कंट्रोलर खाली ठेवला तो ठेवलाच.

तर प्रश्न असा: खेळाडूच्या नजरेवर आणि बुद्धीवर विश्वास ठेवणारे, परंतु ‘एल्डन रिंग’इतके निर्दय नसलेले गेम आपण कोणते सुचवाल? माझ्याकडे प्लेस्टेशन ५ आणि स्विच दोन्ही आहेत. आणि ‘रॅग्नारॉक’ मी पुन्हा हाती घ्यावा, असे कोणाला प्रामाणिकपणे वाटते का?

शिलेदार यांचे उत्तर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मला प्रामाणिकपणे तसे वाटते.

कोड्यांच्या बाबतीत तुमची तक्रार रास्त आहे. सोबतच्या पात्रांची घाई मलाही खटकली आणि ती अनेकांना खटकली होती. तथापि तुम्ही तीन गेम एकाच मापाने मोजत आहात, तिथे माझा मतभेद आहे. ‘एल्डन रिंग’ आणि ‘टिअर्स’ यांचा विषयच भटकंती आहे. ‘रॅग्नारॉक’चा विषय बाप आणि मुलगा यांच्यातले बोलणे हा आहे, आणि ते बोलणे घडण्यासाठी दोघांनी एका वाटेवरून बरोबर चालणे भाग आहे. २०१८ च्या आधीच्या ‘गॉड ऑफ वॉर’प्रमाणे इथेही कॅमेरा अथपासून इतिपर्यंत एकदाही तुटत नाही. दृश्य बदलून पात्रांना दुसरीकडे नेण्याची सोयच रचनाकारांनी स्वतःला ठेवलेली नाही. म्हणून होडी वल्हवताना, फटीतून अंग चोरून जाताना, कडा चढताना संवाद चालू राहतात. तुम्ही ज्याला हात धरून नेणे म्हणता, त्यातले पुष्कळसे या निर्णयातून आले आहे. कोड्याचे उत्तर सांगणारे मिमिरचे वाक्य नकोसे असते हे खरे, पण होडीत बसल्यावर तोच मिमिर आपल्या जुन्या दुष्कृत्याविषयी बोलू लागतो, तेव्हा मी काठाला लागूनही होडीतून उतरलेलो नाही. बोलणे अर्धवट राहिले तर पुढे होडीत बसल्यावर ते तिथून पुढे सुरू होते, ही काळजीही दाद देण्यासारखी आहे.

याकचा भाग लांबला आहे, त्याची वकिली मी करणार नाही. पण तुम्ही सोडले ते नेमके चुकीच्या ठिकाणी. पुढे व्हॅनहाइममध्ये ‘क्रेटर’ नावाचा प्रदेश येतो. तो मुख्य कथेत येतच नाही, न जाताही गेम संपतो आणि कित्येकांनी तो पाहिलेलाच नसतो. तिथे दिवस आणि रात्र यांची अदलाबदल करता येते, बांध फुटल्यावर कोरड्या पात्रात पाणी येऊन नव्या वाटा उघडतात, आणि कुठे आधी जायचे हे तुमच्यावर सोपवलेले असते. तुम्ही ज्या गुणासाठी ‘एल्डन रिंग’ची स्तुती केलीत, तोच गुण या गेममध्ये आहे, फक्त तो आडबाजूला ठेवलेला आहे. कथा थोडी पुढे नेऊन तिथवर जा आणि मगच निकाल द्या.

कंदील यांचे उत्तर

तुमच्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ असे आहे. एक बरी आणि एक वाईट, अशा दोन्ही बाजू सांगते.

हा गेम २०२० चा. १२७४ सालच्या मंगोल आक्रमणाच्या वेळचे त्सुशिमा बेट आणि जिन साकाई नावाचा सामुराई. नकाशावर ठिकाण निवडून कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट वर सरकवले की त्या दिशेने वारा सुटतो. गवत वाकते, पाने उडतात, आणि आपण त्या रोखाने घोडा घालतो. नीट विचार केला तर पडद्याच्या कोपऱ्यातला बाण आणि हा वारा एकच काम करतात. परंतु बाणाकडे पाहताना नजर कोपऱ्यात अडकते आणि आजूबाजूचा प्रदेश केवळ पार करण्यापुरता उरतो, तर वारा पाहायचा म्हणजे प्रदेशच पाहावा लागतो. मला वाटते, तुम्ही ज्याला नजरेवरचा विश्वास म्हणता त्याचा अर्धा भाग इथेच आहे: माहिती किती दिली यापेक्षा ती कुठे दिली, याला महत्त्व आहे. दूरवर धुराचा लोट दिसला तर तिथे कोणीतरी संकटात आहे, पिवळा पक्षी घिरट्या घालू लागला तर जवळपास काहीतरी पाहण्यासारखे आहे, आणि कोल्हा दिसला तर त्याच्यामागे गेल्यावर एखादे छोटे देवस्थान सापडते.

वाईट बाजू अशी की कथेतली मोहीम सुरू झाली की हे स्वातंत्र्य आवळले जाते. जरा भरकटलात की ‘परत या’ असा इशारा येतो, आणि कोणाच्या तरी पाठीमागे दबकत जाण्याचे प्रसंग वारंवार येतात. कोल्हेही पहिले काही लोभस वाटतात, नंतर नंतर ती हजेरी होऊन बसते. अवघडपणाची पातळी मात्र केव्हाही बदलता येते, त्यामुळे निर्दयतेची चिंता नको. त्याच परंपरेतला ‘घोस्ट ऑफ योतेई’ २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आला. त्यात वारा कायम आहे, काळ १६०३ चा आहे आणि नायिका आत्सु आहे. तरी मी आधी त्सुशिमाच सुचवेन.

तुमच्या ‘टिअर्स’च्या अनुभवाला जोडून एक गोष्ट. बुरुजावरून खाली पाहताना ‘डोळ्यांत भरणे’ हे योगायोगाने होत नाही. ‘टिअर्स’च्या आधीचा गेम ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये, जपानमधल्या सेडेक या विकसकांच्या परिषदेत निन्टेन्डोच्या रचनाकारांनी आपल्या भूरचनेमागचे तत्त्व उलगडून सांगितले होते. टेकड्या, खडक, इतकेच काय, इमारतीही त्यांनी त्रिकोणी आकारांतून रचल्या. समोर त्रिकोण आला की चढून जायचे की वळसा घालायचा, हा निर्णय आपोआप खेळाडूकडे येतो. आणि त्रिकोणामागे दडलेली वस्तू एकदम न दिसता हळूहळू उघडी पडत जाते, त्यामुळे ‘हे मला दिसले’ असे वाटते. म्हणजे मार्गदर्शन तिथेही भरपूर आहे. फक्त ते मिमिरच्या तोंडून न येता डोंगराच्या आकारातून येते. रॅग्नारॉकच्या रचनाकारांना खेळाडू अडेल याची भीती वाटली आणि निन्टेन्डोच्या रचनाकारांना वाटली नाही, असे मला म्हणवत नाही. दोघांनाही ती वाटलीच असणार. एकांनी ती संवादलेखकाकडे सोपवली, दुसऱ्यांनी भूगोलाकडे.

निवांत यांचे उत्तर

एवढ्या भव्य गेमच्या गर्दीत ‘ॲस्ट्रो बॉट’ला कोणी विचारत नाही, म्हणून दोन शब्द. २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ साठी आलेला हा छोटेखानी टप्प्यांचा गेम आहे, सूचनांचा मजकूर नगण्य आहे, आणि तीनशेहून अधिक हरवलेले बॉट, म्हणजे छोटे यंत्रमानव, शोधायचे आहेत. पहिल्या खेपेला प्रत्येक टप्पा आपल्या नजरेनेच धुंडाळायचा. काही बॉट राहून गेले तर दुसऱ्या खेपेला गेममधली दोनशे नाणी देऊन एक पक्षी बरोबर घेता येतो आणि तो उरलेल्यांकडे नेतो. मदत आहे, पण ती मागितल्यावर आणि किंमत मोजल्यावर. तुमच्या तक्रारीवर याहून नेटके उत्तर मला सुचत नाही.

कंट्रोलरविषयी तर लिहावे तेवढे थोडे. पावसाचे थेंब तळहाताला कळतात आणि स्पंज पिळताना ट्रिगर बोटाला प्रतिकार करतो. हे वाचून कोणालाच खरे वाटणार नाही. हातात घेऊन पाहा.

चौथी मिती यांचे उत्तर

आधी तांत्रिक बाब उरकून घेतो, कारण ती ‘एल्डन रिंग’च्या निर्दयतेशी थेट जोडलेली आहे. प्लेस्टेशन ५ वर या गेमची स्वतःची आवृत्ती सेकंदाला ६० फ्रेमचे (चित्रांचे) लक्ष्य ठेवते, पण ते तिला सतत गाठता येत नाही. त्याच यंत्रावर प्लेस्टेशन ४ ची आवृत्ती चालवली तर चित्र थोडे कमी रेखीव दिसते, परंतु गती बरीच स्थिर राहते. मार्गिटसारख्या, क्षणाच्या अंशावर खेळवणाऱ्या शत्रूसमोर हा फरक हाताला जाणवतो. जुन्या आवृत्तीतला खेळ नव्या आवृत्तीत नेता येतो, उलट नेता येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. पुन्हा खेळण्याचा किंवा २०२४ मध्ये आलेल्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ या विस्ताराकडे वळण्याचा विचार असेल तर सुरुवातीलाच ठरवा. ‘टिअर्स’मध्येही अल्ट्राहँडने मोठी जोडणी करताना जुन्या स्विचवर गती अडखळते. स्विच २ साठीच्या आवृत्तीत ती अडचण उरलेली नाही.

आता मूळ प्रश्न. तुम्हाला हवा असलेला गेम ‘आउटर वाइल्ड्स’ आहे, आणि याबाबत माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. २०१९ मध्ये तो आला आणि पुढच्या वर्षी बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार त्याला मिळाला. यात शस्त्र नाही. ताकद वाढवणे नाही, नवी उपकरणे मिळवणे नाही, गुण नाहीत. एक छोटीशी सूर्यमाला, एक मोडकेतोडके यान आणि बावीस मिनिटांचा अवधी. तो संपला की सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि मागे उरते ते फक्त आपण जाणून घेतलेले. शेवटाला पोहोचवणारी वाट पहिल्या मिनिटापासून उघडी असते. ती आपल्याला माहीत नसते इतकेच. त्यामुळे एल्डन रिंगमध्ये जसे ‘अजून माझी ताकद कमी आहे’ म्हणून परत फिरावे लागते, तसे इथे कधीच होत नाही. इथे परत फिरायचे ते ‘अजून मला कळलेले नाही’ म्हणून.

कथेविषयी एक अक्षरही सांगणार नाही, पण एक गोष्ट सांगतो जिने काही बिघडत नाही. यानात ध्वनी टिपणारी दुर्बिणीसारखी एक वस्तू आहे. ती आकाशाकडे रोखली की दूरच्या ग्रहांवर एकटे बसलेले प्रवासी ऐकू येतात. कोणी बँजो वाजवतो आहे, कोणी बासरी, कोणी नुसती शीळ घालतो आहे. प्रत्येकाचा ग्रह वेगळा, आणि धून मात्र एकच. ग्रह फिरत फिरत एका रेषेत आले की ते सगळे एकत्र वाजू लागतात. याचा उपयोग दिशा शोधण्यासाठीही होतो: बँजो ऐकू येतो त्या बाजूला जायचे. ‘कंदील’ यांनी वाऱ्याविषयी जे लिहिले आहे ते मला पूर्ण पटले, आणि हा त्याचाच कानांसाठीचा अवतार आहे.

स्विचवर खेळायचे असेल तर २०२१ चा ‘मेट्रॉइड ड्रेड’ही पाहा. तो बंदिस्त आहे, पण मार्गदर्शन इतके लपवलेले आहे की सापडत नाही. तुम्ही चुकीच्या दिशेला फार भटकू नये म्हणून मागची वाट हळूच बंद होते आणि तुम्हाला मात्र आपणच वाट काढली असे वाटत राहते. ही फसवणूक आवडेल की नाही, ते प्रत्येकाच्या स्वभावावर. इएमएमआय नावाचे यंत्रमानव पाठलाग करून पकडतात तेव्हा जीव वाचवायला निमिषभराचीच संधी असते. त्या प्रसंगांत तो एल्डन रिंगहून सौम्य मुळीच नाही.

आडवाट यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. इतकी विचारपूर्वक उत्तरे येतील असे वाटले नव्हते.

‘शिलेदार’, तुमच्या सांगण्यावरून आयर्नवुड ओलांडून पुढे गेलो आणि क्रेटरमध्ये शिरलो. तुमचे म्हणणे निम्मे मान्य करतो. पाणी परत आल्यावर ओळखीचा प्रदेश अनोळखी होतो, तो भाग खरोखर उत्तम आहे आणि तिथे सोबतच्या पात्रांचे बोलणेही ऐकावेसे वाटते. राहिलेले निम्मे असे की, एवढा चांगला भाग पुष्कळांच्या नजरेतून सुटावा आणि याक मात्र कोणालाच चुकवता येऊ नये, हा न्याय मला अजून समजलेला नाही. बापलेकांचे बोलणे हाच विषय असल्याचा मुद्दा पटतो, पण त्याने कोड्यांची उत्तरे सांगण्याचे समर्थन होत नाही. उलट क्रेटॉससारखा मितभाषी माणूस मुलाला ‘थांब, स्वतः शोध’ म्हणाला असता, तर ते त्याच्या स्वभावाला अधिक शोभले असते.

‘कंदील’, त्रिकोणांविषयी वाचल्यापासून ‘टिअर्स’च्या हायरूलमध्ये नुसते फिरणे अवघड झाले आहे. दर टेकडीमागे कोणीतरी काहीतरी लपवले असणार, या संशयाने मी वळसा घालतो, आणि बहुतेक वेळा तिथे खरोखर काहीतरी असतेच. त्सुशिमा यादीत आहे.

सध्या मात्र ‘आउटर वाइल्ड्स’ सुरू केला आहे. यान उतरवणे हेच मोठे काम आहे. वेग कमी करायचा विसर पडला की ग्रह समोरून अंगावर येतो. एका ग्रहाच्या पोटात कृष्णविवर आहे आणि त्याची जमीन तुकड्यातुकड्याने त्यात कोसळते आहे. तिथल्या भिंतींवरचे लेखन वाचत असताना पायाखालचा भाग निखळला आणि मी वाचत वाचतच खाली गेलो. घाबरायचे की हसायचे ते कळेना. पण आता एक अडचण आली आहे. चार ठिकाणचे अर्धेमुर्धे धागे हातात आहेत आणि कोणता धरून पुढे जावे हे ठरत नाही. अशा वेळी बाहेरची मदत पाहावी, की तसेच धडपडत राहावे?

चौथी मिती यांचे उत्तर

बाहेर काहीही पाहू नका. या गेममध्ये कमावलेले ज्ञान हीच एकमेव प्रगती असते. उत्तर वाचून घेतले तर ती कायमची हातची जाते आणि दुसऱ्यांदा खेळूनही परत मिळत नाही.

यानाच्या मागच्या बाजूला नोंदवही दाखवणारा संगणक आहे, तो उघडा. तुम्ही वाचलेली प्रत्येक गोष्ट तिथे आपोआप नोंदली जाते आणि कोणती नोंद कोणत्या ठिकाणाशी जोडलेली आहे, हे रेघांनी दाखवलेले असते. एखाद्या ठिकाणी पाहण्यासारखे शिल्लक असेल तर त्या नोंदीखाली तसे एक वाक्य येते. ते वाक्य जिथे नाही, तिथले काम झाले आहे असे समजून ते ठिकाण खुशाल सोडा. तुमच्या चार धाग्यांपैकी एखादा तरी लगेच गळेल. उरलेल्यांत ज्या ठिकाणी ठरावीक वेळेलाच जाता येते ते आधी घ्या. एकमेकांभोवती फिरणारे जे दोन ग्रह आहेत, त्यांच्यातल्या एकाची वाळू दुसऱ्यावर सतत ओतली जात असते. एक रिकामा होतो तसा दुसरा भरत जातो. एकावर घाईने आणि दुसऱ्यावर उशिरा गेले पाहिजे. वेळ काढायचा असेल तर शेकोटीपाशी डुलकी घेण्याची सोय आहे, तीही वापरा.

आणि ऑटोपायलटचे बटण दाबण्यापूर्वी समोर काय आहे ते एकदा बघून घ्या. ते यान नेमून दिलेल्या ग्रहाकडे सरळ रेषेत नेते. वाटेत सूर्य आला तरी वळसा घालत नाही.